तळ्याला फेस आला

एका जंगलात, मुलांनो, एक तळं होतं. तिथे तानी नावाची निवळी राहायची. निवळी म्हणजे काडीसारख्या पायांनी पाण्यावर तुरुतुरु चालणारा तो किडा. तानीला पोहता येत नव्हतं. चालता येत असताना पोहतंय कोण?

एके दिवशी बातमी आली, सिंहमहाराज तळं पाहायला येणार. लगेच स्वच्छता समिती नेमली गेली. अध्यक्ष झाले भिकाजीराव रानडुक्कर, कारण चिखलाचा अनुभव त्यांनाच सर्वांत दांडगा.

"तळं चकचकीत दिसलं पाहिजे!" भिकाजीराव गरजले. "पाच पोती रिठे कुटा आणि ओता!"

तानी धावत काठाशी आली.

"भिकाजीकाका, असं नका करू. पाण्यावर ताणलेली साय असते. आम्ही तिच्यावर चालतो. रिठ्याने ती फाटेल, आम्ही बुडू."

"साय दुधाला असते गं बाई! पाण्याची साय पाहिलीय कुणी?"

"मी आत्ता तिच्यावरच उभी आहे."

"हरकत लेखी द्या," चिटणीस माकड म्हणालं. "मुदत काल संपली."

तानी मागे फिरली. साऱ्या तळ्यावर धावत तिने हाका घातल्या, "पानावर चढा! कमळाच्या पानावर चढा!"

निवळ्या भराभर चढल्या. फक्त म्हातारी गोदाक्का हलेना.

"समितीतली माणसं मोठी असतात गं. ती मुद्दाम कशाला बुडवतील?"

"मुद्दाम नाही आक्का, उत्साहाने!"

तेवढ्यात फेस आला. गोदाक्काचे पाय खचले. तानीने तिला ढकलत ढकलत पानावर चढवलं. मग तानीचेही पाय बुडू लागले. नाकातोंडात कडू पाणी गेलं. आता संपलं सगळं, असं तिला वाटलं. पण वरून दहा-बारा जणींनी तिला ओढून घेतलं.

महाराज आले. फेस पाहून खूश झाले. काठावर सगळी जनता टाळ्या वाजवत होती. भिकाजीरावांना पदक मिळालं.

आठवड्याने समितीचा अहवाल आला. चिटणीसाने तो मोठ्याने वाचला :

"एकही निवळी बुडाली नाही. म्हणजेच पाण्याला साय नव्हती. खोटी घबराट पसरवल्याबद्दल तानीला महिनाभर तळंबंदी."

"अहो, त्या बुडाल्या नाहीत, कारण मी त्यांना..." तानी म्हणाली.

"हरकत लेखी द्या," माकड म्हणालं.

तात्पर्य : मुलांनो, धोका आधी कळला तर जरूर ओरडा. पण आपलं म्हणणं खरं ठरावं असं वाटत असेल, तर निदान दोघाचौघांना तरी बुडू द्या.