पेंड चाखणारे संचालक

आमच्या कंपनीचे एक संचालक मीटिंग सुरू होण्याआधी जनावरांची पेंड खायचे. चिमूटभर तोंडात टाकायची, डोळे मिटून सावकाश चघळायची आणि मग म्हणायचं, "हां, बोला आता." तोवर सगळ्यांनी गप्प बसायचं. मालक मी, पण मीसुद्धा.

हे सुप्याचे तात्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बारामतीच्या एमआयडीसीत माझा गोळी पेंडीचा कारखाना जरा बरा चालायला लागला, तशी बँकेला माझी काळजी वाटू लागली. संचालक म्हणजे मी, बायको आणि मेहुणा. बँकेचे साहेब म्हणाले, "रोजच्या कारभारात नसलेला एखादा बाहेरचा माणूस घ्या. मोठ्या ठरावावर त्याची सही लागेल." पुण्याचा सीए घेतला असता तर तो नको तिथं डोकावला असता. मी तात्यांना घेतलं. जन्म मेंढरांमागं गेलेला, सही करायला पाच मिनिटं लागतात, हा माणूस काय बोलणार? स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होतो.

तात्या पहिल्याच मीटिंगला बोलले. "मी बाहेरचा हाय, मला काय कळतंय," एवढं म्हणून घ्यायचं आणि घुसायचं. "मी बाहेरचा हाय, पन ह्या खेपंला मळी जास्त पडलीया." ती खरंच जास्त पडलेली असायची, हे आणखी वाईट. मेहुण्याच्या नव्या केबिनचा ठराव त्यांनी तीन महिने लोंबकळत ठेवला. तेव्हापासून मेहुणा त्यांच्या वाऱ्याला उभा राहत नसे.

मग इंदापूरच्या एका व्यापाऱ्यानं मोठी ऑर्डर देऊ केली. भाव मात्र पाडून. तो परवडायचा तर पेंडीत भाताचं तूस मिसळावं लागणार होतं. पण ऑर्डर धरली की दुसरं मशीन येणार होतं, आणि त्यासाठी मी वर्षभर बँकेचे उंबरे झिजवले होते.

तात्यांनी तूस घातलेला नमुना तोंडात टाकला आणि रुमालात थुंकला.

"जनावर तक्रार करत न्हाय, म्हनून काय बी घालायचं व्हय?"

सही केली नाही. माझं डोकंच फिरलं. त्यांचा राजीनामा टाइप करून घेतला आणि मोटारसायकलवरून थेट सुपे गाठलं.

तात्या अंगणात एकटेच होते. मुलगे पुण्याला नोकरीत, कळप कधीच विकलेला. एक म्हातारी, दात पडलेली मेंढी तेवढी राहिली होती. तिला आमचीच पेंड भिजवून हातानं भरवत होते.

भांडायच्या तयारीनं मी कागद पुढं केला. त्यांनी वाचलासुद्धा नाही. हात पुसला आणि एकेक अक्षर काढत सही केली. "माझ्यापायी तुमचा धंदा नगं अडायला."

मग मेंढीपुढं पुन्हा पेंड धरत म्हणाले, "म्होरली मीटिंग सोमवारी व्हती न्हवं?"

"का हो?"

"काय न्हाय. मीटिंगच्या आदल्या दिशी मी धोतर धुवून ठिवतो. महिन्यातनं तेवढाच एक दिस कुनीतरी माझी वाट बघत असतं."

इंदापूरची ऑर्डर सोडणं फार जिवावर आलं, खोटं कशाला बोलू. पण कागद तिथंच फाडला आणि म्हणालो, "तात्या, धोतर धुवून ठेवा. मीटिंग सोमवारीच आहे."