डॉक्टर ह्रुस्कांनी कोचला पटवलं

"ऑस्टरगार्डला मी पटवतो. माझ्यावर सोडा," असं डॉक्टर ह्रुस्कांनी सोमवारी सकाळी लव्हॉनच्या कॅफेत जाहीर केलं, तेव्हा कुणी बशीवरून मानही वर केली नाही. एल्म प्रेअरीत अकरा वर्षं हा एकच विषय चालू होता आणि बोलून बोलून गावाचा घसा बसला होता.

विषय साधा. अमेरिकन फुटबॉलमध्ये, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळात, संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. शाळेच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक ड्वेन ऑस्टरगार्ड चारही वेळा एकच चाल सांगायचा. संघातल्या सगळ्यात जाड पोराच्या हातात चेंडू द्यायचा आणि त्याला मधल्या गर्दीत घुसवायचं. चेंडू लांब फेकता येतो आणि पलीकडे कुणी तो झेलूही शकतो, ही बातमी त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती. अख्ख्या नेब्रास्कात पोरं चेंडू फेकत होती. इथे बाकांवरचे लोक पांघरुणं लपेटून एका सुरात पुटपुटायचे, "मधून." आणि पोरगा मधून जायचा, दोन यार्डांवर आडवा व्हायचा.

डॉक्टर एकसष्ट वर्षांचे, गावातले एकमेव दंतवैद्य, आणि शाळेच्या मंडळाच्या पाच सभासदांपैकी एक. पुढच्या सोमवारी कोचच्या नव्या करारावर मतदान होतं. दोघं बाजूने, दोघं विरोधात, आणि पाचवं मत यांचं. पासष्टीला निवृत्त व्हायच्या आत आपल्या गावच्या पोराने फेकलेला एक लांब चेंडू बघायचा, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. विरोधात मत दिलं, नवा कोच आला की झालं. पण ऑस्टरगार्ड भला माणूस, शेजारपाजारच्या अंगणातला बर्फ न सांगता काढणारा. त्याला शेवटची संधी द्यायला हवी होती. आणि मंगळवारी त्याची अक्कलदाढ काढायची होती.

दाढ हट्टी निघाली. डॉक्टरांना घाई नव्हतीच.

"कोच, भिंतीवर डोकं आपटायचं तर आपटा. निदान अधूनमधून भिंत तरी बदला," डॉक्टर चिमटा लावत म्हणाले. "शुक्रवारी वेस्ट फोर्कशी सामना. ते एकदाही हरलेले नाहीत. पहिल्याच चालीला फेका. काय होईल? खाली पडेल. मग?"

"आँ," कोच म्हणाला.

"तेच म्हणतोय मी."

मदतनीस मार्लिस शेजारी उभी होती. "डॉक्टर, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलंय. दुखत असेल."

"दुखणारच. इतक्या वर्षांत कुणी खरं बोललंच नाही त्यांच्याशी."

अर्ध्या तासाने दाढ निघाली. कोचने डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत धरून दाबला आणि सुजलेला गाल घेऊन निघून गेला. डॉक्टर पांढरा कोट न काढताच कॅफेत पोचले.

"पटलं त्याला. डोळ्यांत पाणी होतं."

"रडला?" लव्हॉनने राजमा-खिम्याच्या चिलीच्या वाडग्याशेजारी दालचिनीचा रोल ठेवत विचारलं.

"जवळजवळ. शुक्रवारी पहिल्या चालीला फेकणार."

कोचला दोन दिवस तोंड उघडता येईना, त्यामुळे खोडून काढायला कुणी नव्हतंच. बुधवारपर्यंत कोच ढसाढसा रडला होता. गुरुवारी कुणीतरी त्याला डॉक्टरांच्या पायाशी बसवलं. शुक्रवारी सकाळी संघ प्रत्येक चालीला चेंडू फेकणार होता. कॅफे हमरस्त्यावर, आणि वेस्ट फोर्क तिथून फक्त नऊ मैल.

शुक्रवारी संध्याकाळी सामना सुरू झाला. लांब फेक अडवायला वेस्ट फोर्कची निम्मी पोरं इतकी मागे जाऊन उभी राहिली की त्यांच्यात आणि चेंडूत एक गोठा बांधता आला असता. डॉक्टर बाकावरून अर्धवट उठले.

कोचने चाल सांगितली. मधून.

जाड पोरगा व्हाव्रा मधल्या गर्दीत घुसला, आणि मध्ये गर्दीच नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा समोर मोकळं मैदान पाहून तो क्षणभर बावरला, मग धावतच सुटला तो थेट शेवटच्या रेषेपलीकडे. वेस्ट फोर्कवाल्यांना वाटलं, हा बनाव; खरी फेक पुढे आहे. ते आणखी मागे सरकले. "आता फेकणार," असं म्हणत डॉक्टर एकोणचाळीस वेळा उठले आणि एकोणचाळीस वेळा बसले. बेचाळीस-सहाने एल्म प्रेअरी जिंकलं. चेंडू एकदाही हवेत गेला नाही.

डॉक्टरांचे गुडघे दुखत होते. ते हळूहळू पायऱ्या उतरत होते, तेवढ्यात लव्हॉनने त्यांना मिठी मारली.

"काय डोकं चालवलंत हो, डॉक्टर. अख्ख्या वेस्ट फोर्कला गंडवलंत. आणि आम्हालाही पत्ता लागू दिला नाहीत."

मागून चार जण पाठ थोपटायला आले. खरं सांगायची ही वेळ होती. डॉक्टरांनी तोंड उघडलं, पण कोणीतरी त्यांना खांद्यावर उचललं.

सोमवारी मंडळाच्या सभेला उभं राहायलाही जागा नव्हती. डॉक्टरांनी मनाशी पक्कं केलं होतं: विरोधात मत. गाव दोन दिवस रागावेल, मग दात दुखले की येईलच. तेवढ्यात कोच उठला. गालाची सूज उतरली होती.

"मी जास्त बोलत नाही," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले ते माझ्या मनाला लागलं. त्या रात्री बसून मी चेंडू फेकायच्या चौदा चाली काढल्या. पुढच्या मोसमात तेच खेळायचं ठरवलं होतं."

डॉक्टर खुर्चीतून अर्धवट उठले. चौदा.

"पण शुक्रवारी कळलं, फेकायची गरजच नाही. फेकणार आहोत असं डॉक्टरांनी सांगितलं की पुरतं. हे दुसऱ्या कुणाला जमणार नाही. यांच्याइतकं मनापासून कोण बोलतं? म्हणून त्या चाली मी फाडून टाकल्या."

टाळ्या थांबेनात. अध्यक्षबाई म्हणाल्या, "पाच वर्षांचा करार. अनुमोदन कोण देतंय? तसं विचारायचं म्हणून विचारते."

सगळं सभागृह डॉक्टरांकडे पाहू लागलं. डॉक्टरांनी मनातल्या मनात एकसष्टात पाच मिळवले आणि हात वर केला.