मागच्या सीटवरचे वकील

डॉक्टरांच्या गाडीत मागच्या सीटवर तंबू, रजया, स्टोव्ह, भांड्यांची पिशवी आणि वकील एवढं सामान होतं. त्यात सगळ्यांत गप्प वकीलच. भांडी निदान वळणावर वाजत तरी होती.

एके काळी हे वकील कोर्टात उभे राहिले की न्यायाधीश घड्याळाकडे बघायला लागत. पण गेल्या वर्षी बायको गेली आणि त्यांनी बोलणंच सोडलं. 'हो', 'नाही' आणि 'बघू' यांवर दिवस निघायचा. शेवटी त्यांच्या मुलीने बाबांच्या दोन शाळूसोबत्यांना गाठलं. एक हे दातांचे डॉक्टर, दुसरे गणिताचे मास्तर.

"काका, त्यांना कुठेतरी घेऊन जा. चार शब्द बोलले तरी पुष्कळ."

डोंगरावरच्या थंड हवेच्या गावाला जाऊन तंबूत राहायचं ठरलं. वकील "बघू" म्हणाले. दोघांनी त्याचा अर्थ 'हो' असा लावला.

घाटाच्या पायथ्याशी पेट्रोल भरलं. डॉक्टर हवा तपासत होते, मास्तर पाण्याच्या बाटल्या आणायला गेले. परत येऊन बघतात तर मागे रजयांचा ढीग आणि त्यातून वकिलांची टोपी डोकावतेय.

"झोपला वाटतं," मास्तर म्हणाले.

"झोपू दे," म्हणत डॉक्टरांनी गाडी काढली.

थोड्या वेळाने मुलीचा फोन आला. "काका, बाबा बोलतायत का?"

"गाढ झोपलाय," मास्तर कुजबुजले.

"झोपले? अहो, किती महिन्यांत त्यांना धड झोप नाही. उठवू नका हं."

मग रेडिओ बंद झाला. डॉक्टर पाळणा हलवावा तशी गाडी चालवू लागले. एका वळणावर ढीग घसरला, तेव्हा मास्तरांनी मागे न बघताच हात लांबवून रजई नीट सारखी केली.

"तब्येत सुधारलीय रे," डॉक्टर हळूच म्हणाले. "पूर्वी किती घोरायचा."

पुन्हा फोन. "काका, बाबा काय करतायत?"

"अजून झोपलाय. एकदम शांत."

"मग आत्ता पेट्रोल पंपावरून मला फोन कुणी केला?"

डॉक्टरांनी गाडी कडेला घेतली. मास्तरांनी रजई उचलली. खाली दुसरी रजई, तिच्याखाली तंबू. का कोण जाणे, त्यांनी तंबूच्या पिशवीतही डोकावून पाहिलं. वकिलांचा मोबाइल मात्र सीटवरच पडला होता.

"बाथरूमला गेले होते," मुलगी सांगत होती. "बाहेर आले तर गाडी निघालेली. पंपवाल्याच्या फोनवरून लावला. नंबर आईचाच तेवढा पाठ. तिचा फोन मी अजून चार्ज करून ठेवते, तो वाजला तशी दचकलेच मी."

डॉक्टरांनी मास्तरांच्या हातून फोन घेतला. "रडत होता का गं?"

"छे. तुमच्याबद्दल बोलत होते. पार शाळेपासूनचं सगळं काढलं. मी मध्ये काही म्हणायला गेले, तर 'मला पूर्ण करू दे' म्हणाले." ती हसतेय की रडतेय, ते कळेना.

"आम्ही वळतोच. आत्ता पोचतो बघ."

"या ना काका," ती म्हणाली. "पण जरा सावकाश या."

डॉक्टरांनी गाडी वळवली आणि चढताना आले होते त्याहूनही हळू उतरले.

पंपावर ट्रकवाले, पंक्चरवाला आणि पंपावरची माणसं घोळका करून उभी होती. मधोमध एका उलट्या डब्यावर वकील बसले होते, एक हात वर. मास्तर खाली मान घालून पुढे झाले. वकिलांनी त्यांच्याकडे एक नजर टाकली.

"हा आरोपी क्रमांक दोन," ते लोकांना म्हणाले. "पहिला गाडी लावतोय. हं, कुठे होतो मी?"

"आठवीच्या सहलीला," पंपवाला म्हणाला.

"सातवीच्या," मास्तर पुटपुटले.

"आरोपीने मध्ये बोलू नये."

डॉक्टर हळूच येऊन मास्तरांशेजारी उभे राहिले. थंड हवेचं गाव अजून बरंच वर होतं आणि उन्हं उतरायला लागली होती. पण सहलीची बस आत्ता कुठे शाळेच्या फाटकातून बाहेर पडत होती, आणि निघायची घाई कुणालाच नव्हती.