डक्टमधली बाई

सोसायटीचे सेक्रेटरी नाना नोटिशीवर वसुधाची सही घेत होते, तेवढ्यात वसुधाच्या बाथरूममधून वसुधाचाच आवाज आला.

"बोटं भिंतीवर ठेवा. सावकाश वर चढा. कालच्या खुणेपर्यंत. घाबरू नका, मी आहे."

नानांनी वळून उघड्या दारातून आत पाहिलं. वसुधा समोर खुर्चीत तोंड मिटून बसली होती. बाथरूममध्ये चिटपाखरू नव्हतं. आवाज खिडकीबाहेर, सगळ्या मजल्यांचे पाइप जातात त्या डक्टमध्ये घुमला आणि विझला.

"वहिनी, तुम्ही इथेच आहात ना?"

"इथेच आहे हो, नाना."

"मग ती कोण?"

वसुधाच्याही अंगावर काटा आला. तिचा मोबाइल तर टेबलावर बंद होता. मग हळूहळू उलगडा झाला. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपले, तेव्हा हॉस्पिटलनं तिला एक अ‍ॅप दिलं होतं. आखडलेला खांदा सुटावा म्हणून ते रोज व्यायाम सांगे. त्यातल्या मराठी सूचना डॉक्टरांच्या आग्रहावरून तिनंच रेकॉर्ड करून दिल्या होत्या. म्हणजे या बिल्डिंगमध्ये ते अ‍ॅप आणखी कुणाकडे तरी होतं.

पण हे सांगायचं, तर बाकीचंही सांगणं आलं. मुलुंडच्या या बिल्डिंगला एवढंच ठाऊक होतं, की वसुधा काही महिने मुलाकडे, शौनककडे बंगळूरला होती आणि येताना केस तिरुपतीला देऊन आली. दारात येऊन कुणी 'बिचारी' म्हणून हळू आवाजात बोललेलं तिला नको होतं.

"पाइप वाजला असेल," ती म्हणाली.

"पाइप मराठी बोलतो?"

उठता उठता नानांना पॅसेजच्या भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा दिसल्या. एकीवर एक, वर चढत गेलेल्या.

"ह्या कसल्या खुणा?"

"शौनकची उंची मोजायचो."

"शौनक तीस वर्षांचा आहे, वहिनी. भिंत गेल्या दिवाळीला रंगवलीत."

झालं! संध्याकाळपर्यंत डक्टमधली बाई अख्ख्या बिल्डिंगची झाली. ती रोज बोलू लागली. लोक बाथरूममध्ये जोडीनं जाऊ लागले. वसुधाच्या नवऱ्यानं, श्यामसुंदरनं, "सांगून टाक ना, वसू," म्हणून पाहिलं, पण तिनं त्याला डोळ्यांनीच गप्प बसवलं.

सभेत नाना म्हणाले, "आवाज वहिनींचा आहे. माणूस जिवंत असून आवाज फिरतो, हे लक्षण बरं नाही."

"छे! वसुधाताईंचा कसला?" वरच्या मजल्यावरची मधुवंती फणकारली. सायनससाठी म्हणून ती उन्हाळ्यातही डोक्याला स्कार्फ बांधून हिंडे. "घोगरा आहे तो. ह्यांच्यासारखा मुळीच नाही."

वसुधाला ते जरा लागलंच.

सत्यनारायण ठरला. तळमजल्यावरच्या सोसायटीच्या खोलीत सगळे भिंतींना टेकून बसले. कथा रंगात आली, गुरुजींनी श्वास घ्यायला वाक्य तोडलं, आणि खोलीतूनच आवाज आला.

"बोटं भिंतीवर ठेवा."

समईची ज्योत हलली. 

"सावकाश वर चढा."

सवयीनं वसुधाची बोटं मागच्या भिंतीवर चढू लागली. लक्षात आल्यावर तिनं चोरट्या नजरेनं इकडेतिकडे पाहिलं. समोरच्या भिंतीवर आणखी एक हात सरावानं वर सरकत होता. मधुवंतीचा. तिच्या मांडीवरची पर्स बोलत होती.

"ऐका तिचं, ऐका!" नाना कापऱ्या आवाजात ओरडले, आणि पटापट सगळ्यांनी बोटं भिंतीला लावली. गुरुजींनीही पोथी बाजूला ठेवली.

"दुखलं तर थांबा. उद्या थोडं आणखी वर. शाबास."

आवाज थांबला. बराच वेळ कुणी हात खाली घेईना.

"अहो," नाना पुटपुटले, "माझा खांदा सुटला की!"

प्रसादाच्या गडबडीत मधुवंती वसुधाशेजारी येऊन बसली.

"घरी सासूबाई, पोरं. कडी लागते ती फक्त बाथरूमला," ती खालच्या आवाजात म्हणाली. "तुमचा आवाज पहिल्याच दिवशी ओळखला होता मी."

"मग घोगरा कशाला म्हणालात?"

"तुम्ही तिरुपती सांगितलं होतंत. म्हटलं, तिरुपती तर तिरुपती."

वसुधानं आपल्या द्रोणातला शिरा तिच्या द्रोणात घातला.

"सायनस कुठल्या बाजूला?"

"डाव्या. आणि तुमचं तिरुपती?"

"उजव्या."