केसोबा अस्वल आणि निर्दोष भोपळा

एका जंगलात, मुलांनो, लोकशाही होती आणि भोपळेही होते. त्यातल्या त्यात भोपळे बरे होते.

ते भोपळे केसोबा नावाचं अस्वल पिकवायचं. बांधावरच्या आंब्याला मधमाश्यांचं पोळं होतं. माश्या भोपळ्याच्या फुलांवर बसायच्या, त्यामुळे फळ धरायचं आणि पोळंही भरायचं. केसोबा निम्मा मध खायचा आणि निम्मा माश्यांना ठेवायचा. अस्वलाच्या मानाने हे फारच सभ्य वागणं झालं.

पण भोपळ्यांना अळी लागायची. एकदा डॉ. बगळे आले. बगळ्यांना जन्मतःच पांढरा कोट असतो, म्हणून त्या जंगलात त्यांना शास्त्रज्ञ समजत.

"हे बियाणं आम्ही आतून बदललंय," डॉ. बगळे म्हणाले. "याच्या वेलावर बसलेला किडा पुन्हा उठत नाही."

"पण धोका नाही ना काही?"

"हा घ्या याचाच भोपळा. खाऊन बघा."

केसोबाने अख्खा भोपळा खाल्ला. त्याला काही झालं नाही. उलट त्याने आणखी एक मागितला.

"चाचणी पूर्ण झाली," डॉ. बगळे म्हणाले.

तरी रीतसर सभा भरली. सिंहमहाराज म्हणाले, "आक्षेप असेल त्याने पंजा वर करावा."

मधमाशीला कुठला पंजा? बिचाऱ्या जीव तोडून गुणगुणल्या.

"वा! काय हा उत्साह!" सिंहमहाराज म्हणाले.

म्हातारी मधमाशी गुणाबाई केसोबाच्या कानाशी आली. "अहो केसोबा, तुम्हाला पंजे आहेत ना? मग करा की वर! आम्ही त्याच फुलांवर बसतो हो."

केसोबाला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण त्याच्या दोन्ही पंजांत नमुन्याचा भोपळा होता. तो खाली ठेवला असता तर शेजारच्या रानडुकराने लांबवला असता. ठराव एकमताने मंजूर झाला.

पहिल्या हंगामात अळी दिसेनाशी झाली आणि भोपळे उदंड आले. केसोबा प्रत्येक भोपळा थोपटून बघायचा आणि स्वतःवरच खूश व्हायचा. दुसऱ्या हंगामात पिवळीधमक फुलं आली आणि तशीच गळून गेली. एकही फळ धरेना.

केसोबा आंब्याखाली गेला. पोळं रिकामं होतं. खाली गुणाबाई उताणी पडली होती. केसोबा तिथेच बसून ढसाढसा रडला. थोडा गुणाबाईसाठी, थोडा मधासाठी. कशासाठी किती, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

डॉ. बगळे पाहणीला आले. "बियाणं अगदी निर्दोष आहे. फुलं आली की नाही? आता नर फुलातले पराग तेवढे मादी फुलाला लावायचे. तुमच्या अंगावर केसांची काय कमी आहे?"

झालं! केसोबाने छातीचे केस उपटून कुंचला केला. आता तो पहाटे उठतो आणि वेल तुडवला जाऊ नये म्हणून चवड्यांवर चालत या फुलावरून त्या फुलावर जातो. कंबर पार मोडून जाते. डॉ. बगळे याला रोजगारनिर्मिती म्हणतात.

संध्याकाळी अस्वलीणबाई भाकरी वाढतात.

"तोंडी लावायला काय गं?" केसोबा विचारतो.

"भोपळा."

तात्पर्य : मधमाश्या मेल्या म्हणून मुळीच घाबरू नये. त्यांचं काम कोणालाही जमतं. मध तेवढा मागू नये.