मगरीच्या जागी ओंडका

एका जंगलात माझं कुणी ऐकलं नाही, मुलांनो. तीन वेळा सांगितलं. काटे फुलवून सांगितलं. तरी नाही. मी साळू साळिंदर, शिक्षण चौथीपर्यंत. म्हणून आता तुम्ही ऐका, आणि मधे चुळबुळ करू नका.

त्या जंगलात एक नदी होती. अलीकडचं गवत संपलं होतं. पलीकडे कमरेएवढं उभं होतं. नदी ओलांडायला उतार एकच, आणि उताराच्या तोंडाशी मगर. जाणाऱ्याने विचारायचं, "मोकळा का?" पोट भरलेलं असलं की म्हातारी मगर म्हणायची, "मोकळा." नसलं की म्हणायची, "थांबा." या दोन शब्दांपलीकडे ती जन्मात काही बोलली नाही.

अमावस्येला दुपारी वरच्या बंधाऱ्याचं पाणी सुटणार होतं. सुटलं की उतार महिनाभर बंद. माझी मैत्रीण रंभा चितळीण नुकतीच व्यायली होती. चार दिवसांचं पाडस, आणि दूध आटत चाललेलं. पाणी सुटायच्या आधी पलीकडे गेली तर पाडस जगणार. नाही गेली तर नाही. हिशेब एवढाच.

दिगंबर मुंगूस म्हणाला, "साठ जणांना पलीकडे उतरवायचं तर तालीम हवी." दिगंबर शहरात राहून आलेला. संगणकाचे प्रोग्राम लिहितात अशा एका कचेरीखाली बिळात त्याने दोन वर्षं काढली होती.

"घे की तालीम," मी म्हटलं. "पण मगरीला घेऊन घे."

"आक्का, मगर उठायला अर्धा दिवस लावते. वर तालमीतलाच एखादा खाऊन टाकते. शहरात खऱ्याला कुणी उठवत नाही. खऱ्याच्या जागी खोटं ठेवायचं आणि आपलं काम तपासायचं."

मग कोरड्या जमिनीवर एक ओंडका ठेवला. ती मगर. ओंडक्यावर पोपट बसवला. विचारलं की पोपटाने "मोकळा" नाहीतर "थांबा" म्हणायचं. असं ठरलेलं उत्तर देतो त्याला म्हणे स्टब म्हणतात. आणि कुणी किती वेळा विचारलं ते मोजतो त्याला मॉक. आमचा पोपट दोन्ही कामं करायचा, म्हणून तो दोन्ही वेळा पेरू मागायचा.

पुढारी होता केरबा सांबर. तो ओंडक्यासमोर उभा राही. "मोकळा का?" "मोकळा." की सगळे धुळीतून पलीकडे. "थांबा." की सगळे खाली बसत. शेवटी पोपट ओरडे, "एकदाच विचारलं. पास." मग दिगंबर वडाच्या फांदीला एक हिरवं पान बांधी; नापास झालं तर पिवळं बांधायचं ठरलं होतं. दिवसाला चाळीस तालमी, चाळीस पानं.

रंभा एकदा त्या पानांकडे मान लांब करून बघत होती.

"वहिनी, ती खायची नाहीत," दिगंबर म्हणाला. "तो निकाल आहे."

मी म्हटलं, "दिगंबर, तालीम वाईट असं मी म्हणत नाही. पण म्हातारी मगर खालच्या डोहात राहायला गेलीय. आता तिची लेक आहे, गोदा. ती आईसारखी नाही. तिला बोलायला आवडतं. एकदा तरी जाऊन विचार."

"आक्का, मगर ती मगरच."

"अरे, लांबून विचार. पोपटाला पाठव."

"पोपट तालमीत आहे," दिगंबर म्हणाला. "आणि झाडाकडे बघा तरी. एक तरी पिवळं पान दिसतंय का?"

केरबा हसला. बाकीचेही हसले. एक माकड तर म्हणालं, "आक्कांना ओंडक्याचाच राग आलाय, टोचायला गेल्या तर काटा अडकला असेल." त्या माकडाला मी नंतर बोलले.

अमावस्या उजाडली. साठ जनावरं उतारावर रांगेत उभी. केरबा पुढे. पोपट त्याच्या शिंगावर.

"मोकळा का?"

गोदाने एक डोळा उघडला. म्हणाली, "बघते."

केरबाने एक पाय उचलला होता, तो तसाच हवेत राहिला. मोकळा म्हटलं तर जायचं, थांबा म्हटलं तर बसायचं. बघते म्हटलं तर काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मागचे ढकलायला लागले. निम्मे बसले, निम्मे त्यांना अडखळून पडले.

"परत विचार," दिगंबर मागून म्हणाला.

"मोकळा का?"

"दोनदा विचारलं," पोपट ओरडला. "नापास. सगळे पहिल्या जागी."

आणि मुलांनो, ते गेले. साठच्या साठ पहिल्या जागी गेले, रांग लावली, पुन्हा आले. पुन्हा "बघते", पुन्हा "नापास". ऊन डोक्यावर आलं.

रंभाचं पाडस खाली बसलं ते उठेना. मग मी रांग सोडली आणि पाण्याशी गेले.

"गोदे, बघते म्हणजे काय गं?"

"अगो साळूमावशी, अंडी फुटतायत माझी. पिल्लं उताराच्या मधोमध आहेत. तुडवाल म्हणून बघते म्हटलं. डाव्या अंगाने जा की, गुडघाभर पाणी आहे. विचारलं असतं तर परवाच सांगितलं असतं."

मी रंभाला हाक मारली. पाडसाला तिने नाकाने ढकलत उठवलं. आम्ही डाव्या अंगाने निघालो.

"केरबा, या रे मागून," मी ओरडले.

"हे तालमीत नव्हतं," केरबा म्हणाला. पाय अजून हवेतच.

आम्ही पलीकडे चढलो आणि वरून पाणी आलं. गोदा पिल्लांना तोंडात धरून काठावर गेली. पाडस प्यायलं. रंभा अजून चरतेच आहे, तिला मधे बोलवू नका.

बाकीचे अलीकडेच राहिले. महिनाभर त्यांनी निकालाची पानं खाल्ली. तोवर ती वाळली होती.

मग चौकशी बसली. मी पलीकडून सगळं ऐकत होते. आधी तालीम पुन्हा घेतली. ओंडक्याला विचारलं, पोपट म्हणाला "मोकळा", सगळे धुळीतून सुखरूप पार झाले. म्हणजे तालमीत दोष नव्हता. पोपटाची मोजणी बरोबर निघाली. ओंडक्याचं वागणं तर सगळ्यात चांगलं, असा शेरा पडला. पुढच्या वर्षी दोन ओंडके ठेवायचं ठरलं.

शेवटी मगरीचं म्हणणं मागवलं. पोपट तेव्हा उडत तिच्यापर्यंत गेला. जाता येत होतं त्याला, बघा. परत येऊन म्हणाला, "बघते म्हणाली."

तात्पर्य: मुलांनो, खऱ्याला विचारायला कधी जाऊ नये, खरं काहीही बोलतं. ओंडका मगरीसारखा वागत नसेल, तर मगरीने ओंडक्यासारखं वागायला शिकावं. आणि सगळी पानं हिरवी असूनही जनावरं उपाशी राहिली, तर दोष तिचाच, जिला तालमीला कुणी बोलावलं नव्हतं. वडाला पाटी लावलीय, नाव वाचून घ्या: गोदा.