गुणाबाई शेकरू आणि वडाची बँक

मुलांनो, घाटाच्या पार पलीकडं एका जंगलात दोन बँका होत्या. एक वडाच्या झाडात, दुसरी उंबराच्या झाडात. जंगलात बँक कशाला, असं कोण पुटपुटलं? तू रे? अरे बाबा, साठवणारा दिसला की बँक आपोआप येते. तिला आमंत्रण लागत नाही. आता गप्प बसून ऐक.

आपल्याकडं पैसे चालतात, तसे तिथं हिरडे चालायचे. प्राणी हिरडे गोळा करायचे आणि बँकेत नेऊन ठेवायचे. बँक ते सांभाळायची, वर्षाकाठी त्यात थोडी भर घालायची. ज्याला गरज पडेल त्याला कर्जही द्यायची. म्हणजे, देते असं म्हणायची.

त्या जंगलात गुणाबाई राहायची. गुणाबाई म्हणजे शेकरू. तांबूस अंग, झुपकेदार शेपटी आणि स्वभावानं अगदी भाबडी. तिचं खातं वडाच्या बँकेत. तिच्या आईचं तिथंच होतं आणि आजीचंही तिथंच. उंबराच्या बँकेवरून नुसतं जायची वेळ आली तरी ती मान फिरवून जायची.

वडाच्या बँकेला ती "आमची बँक" म्हणायची. कुणी म्हणालं, काय ही रांग, पुढं सरकतच नाही, तर गुणाबाई अंगावर धावून जायची. "सावकाश करतात, पण नीट करतात!" एका पावसाळ्यात बँकेची तिजोरी गळायला लागली. तेव्हा ही बया स्वतःची शेपटी हिरड्यांवर पसरून बसली. शेपटीला बुरशी आली. बँकेनं खूश होऊन तिला एक कॅलेंडर दिलं. मागच्या वर्षाचं होतं, पण दिलं.

तिच्या शेजारच्या झाडावर काशी वानरीण होती. तिची तऱ्हा उलटी. नवीन खातं उघडलं की उंबराची बँक पातेलं द्यायची आणि वडाची बँक कढई. काशी सारखी इकडून तिकडं. तिच्या घरात भांडी ठेवायला जागा उरली नव्हती.

"अगं गुणे," काशी म्हणायची, "तुम्ही शेकरं घरटी चार-चार बांधता, आणि बँक तेवढी एकच?"

खरं होतं ते. शेकरू एका घरट्यावर कधीच थांबत नाही.

"घरट्याची गोष्ट वेगळी," गुणाबाई नाक मुरडायची. "बँकेशी आपलं नातं असतं."

"तुझं असेल. बँकेला विचारलंस का?" काशी दात काढायची.

मग वैशाखात वणवा लागला. गुणाबाईची चारही घरटी जळून खाक झाली. दोन पिल्लं तेवढी तिनं तोंडात धरून बाहेर काढली. आता तिघं एका उघड्या फांदीवर बसली होती, आणि पावसाळा तोंडावर आला होता. पिल्लांच्या अंगावर धड केसही नव्हते. पहिल्या झडीतच ती गारठून मेली असती.

जंगलात एकच कोरडी ढोली रिकामी होती, अर्जुनाच्या झाडात. तिचा मालक दाजीबा धनेश. पक्षी सज्जन, पण व्यवहाराला चोख.

"गुणाबाई, तुम्हाला नाही कसं म्हणू? पण मृगाच्या आत ढोलीच्या किमतीचे सगळे हिरडे आणून द्या. नाहीतर ते घुबड रोज विचारून जातंय."

गुणाबाईनं बोटांवर हिशेब केला. साठवलेले हिरडे निम्म्यालाच पुरणार होते. पण लगेच तिचा चेहरा उजळला. "घाबरू नका रे," ती पिल्लांना म्हणाली. "आपली बँक आहे ना!"

बँकेत मॅनेजर होते मुंगसेसाहेब. जातीनं मुंगूस. नुकतेच बदलून आले होते. गिऱ्हाइकांचे चेहरे ओळखीचे व्हायला लागले की मॅनेजरची बदली करायची, अशी त्या बँकेची रीतच होती.

"या, या!" साहेब म्हणाले. "तुमच्यासारखे जुने ग्राहक म्हणजे बँकेचा कणा हो."

"साहेब, ढोलीसाठी कर्ज हवंय."

"कर्ज? ते जरा अवघड आहे."

"का हो?"

"तुम्ही आजवर कर्ज घेतलंच नाहीत. मग तुम्ही ते फेडता की बुडवता, आम्हाला कळायचं कसं?"

"अहो, पण माझी आई, माझी आजी..."

"त्यांनीही नाही घेतलं. मी चौकशी केली. घराण्यातच दोष दिसतोय."

तेवढ्यात आतून काशी आली. डोक्यावर कढई, पाठीवर कर्जाचे हिरडे. गुणाबाईला बघून तिनं डोळा मारला आणि टुणकन निघून गेली.

"साहेब, हिला कसं दिलंत?"

"त्यांचा प्रश्नच नाही. तीन वेळा कर्ज घेतलंय, तीन वेळा फेडलंय. शिवाय त्या नवीन ग्राहक आहेत. नवीन ग्राहकाला निम्मं व्याज आणि वर कढई."

"नवीन?" गुणाबाई किंचाळलीच. "अहो, शिमग्यात तिनं इथलंच खातं बंद केलं होतं!"

"म्हणूनच तर नवीन झाल्या."

"मग मलाही करा की नवीन!"

"बाई," मुंगसेसाहेब फार मायेनं म्हणाले, "तुम्ही कधी जातच नाही. मग तुम्ही नवीन व्हायचं कसं?"

गुणाबाईचे डोळे भरून आले. साहेबांना ते बघवलं नाही. तेही अगदीच दगड नव्हते. "असं करा," ते म्हणाले, "उद्या बँकेचा वर्धापनदिन आहे. एकनिष्ठ ग्राहक म्हणून तुमचा सत्कार करू. पिल्लांनाही आणा."

आता गुणाबाईचं भाबडेपण बघा. तिला वाटलं, चारचौघांत सत्कार केल्यावर कर्ज नाकारायची यांना लाजच वाटेल. गेली बिचारी शेपटी विंचरून.

वडाच्या पारावर सारं जंगल जमलं होतं. मुंगसेसाहेबांनी निष्ठेवर असं भाषण केलं की रानडुकरांनी डोळे पुसले. गुणाबाईच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. टाळ्या पडल्या. कर्जाचं मात्र कुणी नाव काढलं नाही.

त्या बँकेची एक रीत होती, मुलांनो. सत्कार झाला की पाराच्या मागं जायचं, शाल घडी करून द्यायची आणि नारळ परत करायचा. बँकेकडं नारळ एकच होता. मुंगसेसाहेबांच्या आधीच्या कितीतरी साहेबांनी सत्कार केले ते याच नारळानं. सगळ्यांना हे ठाऊक होतं. गुणाबाईला नव्हतं, कारण इतकी वर्षं कणा असून तिचा सत्कार कधी कुणी केलाच नव्हता.

खाली पिल्लं सकाळपासून उपाशी होती. गुणाबाई पाराच्या कडेला बसली आणि करकर करकर नारळ फोडला. शेकराच्या दातांपुढं नारळ तो काय!

आत काही नव्हतं. पाणी केव्हाच आटलं होतं. खोबऱ्याचा काळा भुगा तेवढा बाहेर पडला. पिल्लांनी हुंगला आणि रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी बँकेचा शिपाई सरडा फांदीवर हजर. "गुणाबाई, नारळाची भरपाई तुमच्या खात्यातून कापून घेतलीय. असं कुणी करतं का? आजवर सगळ्यांनी नारळ परत दिलाय."

तेव्हा कुठं गुणाबाईचं डोकं फिरलं! मी म्हणतो, केव्हाच फिरायला हवं होतं. पण माया अशीच असते, तिला उशिरा जाग येते. पिल्लं काशीच्या कडेवर टाकून ती तडक वडावर गेली. आईची आठवण येत होती, तरी बोलली एकदाची.

"माझं खातं बंद करा. मी उंबराच्या बँकेत चालले."

आणि मुलांनो, काय सांगू! जी रांग कधी सरकत नव्हती ती बाजूला झाली. कुठून तरी खुर्ची आली. खुर्चीमागून चहा आला. मुंगसेसाहेब टेबलाला वळसा घालून धावत आले.

"बाई! अहो बाई! जाणार होतात तर आधी नाही का सांगायचं? निम्म्या व्याजानं कर्ज देतो. नारळाचंही परत जमा करतो. आणि ही घ्या कढई."

"आणि मी कर्ज कधी घेतलं नव्हतं, त्याचं काय?"

"केवढी मोठी गोष्ट आहे ती! कुणाचा एक हिरडा डोक्यावर नाही. अशी घराणी आता उरलीत कुठं?"

"मग परवा काय झालं होतं?"

"परवा तुम्ही एकनिष्ठ होतात," साहेब म्हणाले. त्यांना यात काही विचित्र वाटलं नाही.

कढई त्यांच्या डोक्यात घालावी असं गुणाबाईला फार वाटलं. पण घाटावर ढग उतरले होते. तिनं कर्ज घेतलं, कढई घेतली, आणि दाजीबाच्या पुढ्यात हिरडे ओतले. घुबड तोंड पाडून परत गेलं.

तेव्हापासून गुणाबाई दर वैशाखात बँकेत जाते. शेपटी झटकते आणि थंडपणे सांगते, "खातं बंद करायचंय." दर वैशाखात खुर्ची येते, चहा येतो, व्याज उतरतं. साहेब बदलतात, पण घाबरतात सगळे सारखेच. काशीसुद्धा आता तिला सल्ला विचारायला येते.

एकदा बँकेतून परतताना धाकट्या लेकीनं विचारलं, "आई, आपण खरंच ही बँक सोडणार?"

गुणाबाईनं मागं बघितलं, वर बघितलं. आसपास सरडा नव्हता.

"छे गं," ती म्हणाली. "आजीची बँक आहे ती. ती कशी सोडवेल?"

"मग साहेबांना तसं सांगत का नाहीस?"

"हळू बोल!" म्हणत गुणाबाईनं शेपटीनं तिचं तोंड दाबलं.

तात्पर्य : मुलांनो, निष्ठा हा फार मोठा गुण आहे. तो जन्मभर जपावा, आणि बँकेला त्याचा पत्ता लागू देऊ नये.